दुखण्यांतून उठलेल्याचा विमा

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यांत, चिखलीहून खामगांवकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर नांवाचें गांव आहे. टेकडीवरील बल्लाळदेवीच्या देवालयामुळें तें पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. अशा गांवांतील एक गृहस्थ कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. वय चाळिशीच्या घरांत, थोडीशी कोरडवाहू शेती, एक लहानसें दुकान, वृद्ध आई, पत्नी आणि शाळेंत जाणारीं दोन मुलें. चार वर्षांपूर्वीं त्याला क्षयानें गांठलें. औषधोपचार पुरा झाला, डॉक्टरांनीं बरा झाल्याचा दाखला दिला, आणि आज तो पूर्वींसारखा कामास लागला आहे. परंतु अंथरुणावर पडून असतांना जो एक विचार रात्रीं त्याच्या मनांत वारंवार येई, तो मात्र गेलेला नाहीं. आपलें कांहीं बरेंवाईट झालें तर या मुलांचें काय? दुखण्यापूर्वीं विम्याचा एजंट दारीं आला कीं, 'पुढें पाहूं' असें म्हणून तो त्याला वाटेस लावी. आतां तो आपण होऊन एजंटाकडे जातो, तेव्हां एजंट प्रस्तावाचा छापील कागद पुढें करून विचारतो, 'यापूर्वीं कांहीं मोठें दुखणें?' या एका प्रश्नाशीं त्याचा हात थबकतो.

हा प्रसंग एकट्या अमडापूरचा नव्हे. हा प्रश्न विमा मागणाऱ्याला विचारला जाऊं लागला, त्याला अडीचशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. दुखण्यांतून उठलेल्या माणसाला विम्याचें दार प्रथम बंद कां होतें, तें किलकिलें कसें झालें, आणि आज तें कितपत उघडें आहे, हा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण संसारी माणसाच्या उपयोगाचाही आहे.

विमा म्हणजे मुळांत एक वर्गणी होय. एकाच वयाच्या एक हजार निरोगी माणसांपैकीं वर्षांत पांच माणसें दगावतात असें समजा. प्रत्येक मृताच्या घरीं एक लाख रुपये पोंचवावयाचे, तर वर्षाला पांच लाख रुपये लागतील; म्हणजे खर्च सोडून प्रत्येकाच्या वांट्याला पांचशें रुपये येतील. आतां या हजारांत आजारी माणसेंही बिनबोभाट शिरलीं आणि पांचांच्या जागीं दहा माणसें दगावलीं, तर वर्गणी दुप्पट होईल. वर्गणी दुप्पट झाली कीं निरोगी माणूस बाहेर पडेल. तो बाहेर पडला कीं मागें राहणाऱ्यांत आजाऱ्यांचें प्रमाण आणखी वाढेल, आणि अखेर मंडळी बुडेल. विमा कंपनी दुखणाइताला भिते ती याच कारणानें. तिच्या भीतीच्या मुळाशीं द्वेष नसतो, हिशेब असतो. परंतु हिशेब करावयाचा तर आंकडे हवेत. आणि आंकडे नसले म्हणजे भीतीच हिशेबाची जागा घेते. या इतिहासाचें सार एवढेंच आहे कीं, जसजसे आंकडे येत गेले, तसतशी भीती मागें सरली.

या आंकड्यांचा आरंभ एका नकारापासून झाला. १७०६ सालीं लंडन येथें 'ॲमिकेबल सोसायटी' नांवाची आयुर्विम्याची मंडळी निघाली होती. तींत तरुण-प्रौढ असा भेद न करतां सर्वांकडून सारखीच वर्गणी घेत. म्हणून ४५ वर्षांवरील माणसाला प्रवेशच नसे. जेम्स डॉडसन नांवाचा एक गणिताचा पंडित तेथें गेला, तेव्हां वय अधिक झालें म्हणून त्याला परत पाठविण्यांत आलें. डॉडसननें त्यावर भांडण मांडलें नाहीं. तो गणित मांडूं लागला. वय वाढेल तशी मृत्यूची शक्यता किती वाढते हें जर ठाऊक असेल, तर वयाप्रमाणें हप्ता ठरवून कोणालाही घेतां येईल, असा त्याचा सिद्धांत होता. यासाठीं लागणारें मृत्यूचें कोष्टक एडमंड हॅली या ज्योतिषशास्त्रज्ञानें १६९३ सालींच ब्रेस्लाव शहराच्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून तयार करून ठेवलें होतें. डॉडसन १७५७ सालीं वारला. परंतु त्याच्या कल्पनेवर उभारलेली 'इक्विटेबल सोसायटी' १७६२ सालीं निघाली, आणि शास्त्रशुद्ध आयुर्विम्याचा पाया घातला गेला. नाकारलेल्या माणसाला 'तूं नको' असें न म्हणतां 'तुझा दर एवढा' असें म्हणावयाचें, ही ती कल्पना होय. डॉडसननें ती वयाला लावली. दुखण्याला ती लागण्यास आणखी साठ-सत्तर वर्षें जावीं लागलीं.

त्या जुन्या काळांतील एक गोष्ट मोठी बोधप्रद आहे. अठराव्या शतकांत विमा मागणाऱ्याला विचारण्याच्या प्रश्नांत 'देवी येऊन गेल्या काय?' हा एक मुख्य प्रश्न असे. 'होय' असें उत्तर आलें म्हणजे कंपनीला समाधान वाटे. कारण एकदां देवी येऊन गेलेल्या माणसाला त्या पुन्हां येण्याचें भय नसे. देवी न आलेल्या माणसाचीच कंपनीला अधिक धास्ती. म्हणजे एक भयंकर रोग भोगून उठणें हा तेथें दोष न ठरतां गुण ठरत होता. दुखणें झालें म्हणून माणूस कायमचा कच्चा झाला असा सरसकट नियम नाहीं. कोणतें दुखणें, किती काळापूर्वीं आणि मागें काय ठेवून गेलें, हें पाहावें लागतें. ही अक्कल विमाधंद्याला आरंभींच होती. मध्यंतरीं मात्र ती पुष्कळ ठिकाणीं विसरली गेली.

दुखणाइतासाठीं दार उघडण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न १८२४ सालीं लंडनांत झाला. जॉर्ज पिंकार्ड या डॉक्टरानें पुढाकार घेऊन 'क्लेरिकल, मेडिकल अँड जनरल' ही कंपनी काढली. प्रकृतींत बिघाड असलेल्यांसही अधिक हप्ता घेऊन विमा द्यावयाचा, हें तिचें वैशिष्ट्य होतें. त्याच वर्षीं निघालेल्या 'असायलम' नांवाच्या कंपनीनें दुखणाईत आणि परदेशांत राहणारे अशा दोन्ही प्रकारच्या लोकांसाठीं धंदा मांडला. पुढें १८४१ सालीं 'मेडिकल, इन्व्हॅलिड अँड जनरल' ही कंपनी आली. तिच्या तर नांवांतच दुखणाईत होता. तिनें हिंदुस्थानांत राहणाऱ्या लोकांचेही विमे उतरविले. दुखणाईत आणि हिंदुस्थानांतील रहिवासी, हे दोघे विमेवाल्यांच्या दृष्टीनें एकाच पंक्तीला बसत, ही गोष्ट येथें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

कारण हिंदुस्थानांत या धंद्याचा आरंभ झाला तो गोऱ्या लोकांसाठीं. १८१८ सालीं कलकत्त्यास 'ओरिएंटल लाइफ इन्शुअरन्स कंपनी' निघाली. १८२९ सालीं मद्रासेस 'मद्रास इक्विटेबल' निघाली. हिंदी माणसाचा विमा प्रथम घेतच नसत. बाबू मोतीलाल सील यांच्यासारख्या वजनदार गृहस्थांच्या खटपटीनें पुढें विदेशी कंपन्या हिंदी लोकांचे विमे घेऊं लागल्या. पण दर पाहावे तर गोऱ्या माणसाहून सुमारें १५ ते २० टक्के अधिक. म्हणजे अमडापूरचा एखादा धट्टाकट्टा, तालमींत घाम गाळणारा जवानदेखील त्या काळच्या कंपनीच्या वहींत जन्मतःच आजारी ठरला असता! कंपनीपाशीं हिंदी विमेदारांच्या मृत्यूचे भरवशाचे आंकडे नव्हते. होती ती पटकी, देवी आणि हिंवताप यांची दहशत. आंकडे नाहींत तेथें भीती हिशेबाची जागा घेते, याचें हें ठळक उदाहरण होय. एका अखंड देशाला दुखणाईत ठरवून त्याच्याकडून जादा हप्ता घेण्यांत आला.

हा अन्याय मोडण्याचा मान मुंबईकडे जातो. १८७० सालीं तेथें 'बॉम्बे म्युच्युअल लाइफ ॲशुअरन्स सोसायटी' स्थापन झाली आणि तिनें हिंदी माणसाला नेहमींच्याच दरानें विमा देण्यास आरंभ केला. त्याच १८७० सालच्या मार्च महिन्यांत लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खामगांवचा आगगाडीचा फांटा आणि कापसाचा बाजार यांचें उद्घाटन झालें. अमडापुराहून ज्या बाजारपेठेकडे वऱ्हाडचा कापूस जाई, ती पेठ आणि ती मुंबई एकाच वर्षीं रुळांनीं जोडली गेली, हा केवळ योगायोग असला तरी सूचक आहे. रोख पैसा, नोकरी आणि वकिली यांच्याबरोबर विम्याची कल्पनाही त्याच रुळांवरून वऱ्हाडांत आली.

त्या सुमारास विमाधंद्याच्या इभ्रतीला मोठा धक्का बसला होता. लंडनची 'आल्बर्ट' कंपनी १८६९ सालीं बुडाली आणि तिच्या पाठोपाठ 'युरोपियन' कंपनीही बुडाली. वर सांगितलेली 'मेडिकल, इन्व्हॅलिड' ही कंपनी तत्पूर्वींच 'आल्बर्ट'मध्यें विलीन झाली होती. त्यामुळें दूर हिंदुस्थानांतील विमेदारांनाही त्या दिवाळखोरीची झळ लागली. दुधानें तोंड पोळलें म्हणजे ताकही फुंकून प्यावें, या न्यायानें १८७४ सालीं मुंबईंत निघालेल्या नव्या कंपनीनें आपल्या नांवांतच तारण गोंवलें. 'ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी लाइफ ॲशुअरन्स कंपनी' तें हें नांव. मॅक्‌लॉक्लन स्लेटर हा विमागणिती तिचा संस्थापक. विमेदारांचा पैसा सरकारी रोख्यांत गुंतवावयाचा, अशी तिची प्रतिज्ञा होती. सरकारनेंही १८८४ सालीं टपाल खात्याच्या नोकरांसाठीं विमा सुरू केला, आणि १८९४ पासून त्या खात्यांतील स्त्रियांनाही त्याचा लाभ दिला. इतर कंपन्या त्या काळीं स्त्रियांचे विमे घेत नसत. स्वदेशीच्या चळवळीनंतर तर गांवोगांवीं विमा कंपन्या निघाल्या. साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनीं १९१३ सालीं 'वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुअरन्स कंपनी' काढली, आणि मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत विमापत्राचा कागद ट्रंकेंत जपून ठेवण्याची चाल पडली.

या स्वदेशी कंपन्यांनीं हिंदी माणसाला निरोगी म्हणून पंक्तीला घेतलें खरें. परंतु जो खरोखरच दुखण्यांतून उठला होता, त्याचें काय? तो काळच कठीण होता. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि पुढें तो देशभर पसरला. १९१८ च्या इन्फ्लुएंझानें मध्यप्रांत व वऱ्हाड यांवर जी झडप घातली, ती देशांतील अत्यंत भयंकर झडपांपैकीं एक होती. १९११ ते १९२१ या दशकांत हिंदी माणसाचें जन्मवेळचें सरासरी आयुर्मान अवघें २० वर्षांच्या आसपास उतरलें होतें. क्षयावर औषधच नव्हतें. मोकळी हवा, विश्रांति व दूध-अंडीं हेच उपचार. मिरजेस १९२० सालीं वानलेस यांच्या पुढाकारानें आरोग्यधाम उभें राहिलें, आणि तशा आरोग्यधामांतून बरे होऊन परतलेल्या माणसालाही कंपनी सहसा उभें करीत नसे. नुसत्या घराण्यांत क्षय असला तरी प्रस्तावाकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलें जाई.

कंपन्यांचा हा ताठा कमी होण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली गोष्ट म्हणजे हिंदी आंकडे. 'ओरिएंटल'नें १९२५ ते १९३५ या काळांतील आपल्याच विमेदारांच्या मृत्यूंचा अनुभव तपासून एक कोष्टक तयार केलें. हिंदी विमेदारांच्या आयुष्याचें माप म्हणून तें पुढें अनेक दशकें प्रमाण मानलें गेलें. १९७०–७३ च्या अनुभवावरून नवें कोष्टक होईपर्यंत त्याचाच आधार होता. त्यानंतर १९९४–९६, २००६–०८ आणि २०१२–१४ अशा अनुभवांचीं कोष्टकें झालीं, आणि दर वेळीं माणूस अधिक जगतो असेंच दिसून आलें.

दुसरी गोष्ट म्हणजे दुखण्याची गुणपत्रिका. 'न्यूयॉर्क लाइफ' या अमेरिकन कंपनींतील डॉक्टर ऑस्कर रॉजर्स आणि विमागणिती आर्थर हंटर या दोघांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं एक पद्धत बसविली व १९१९ सालीं तिचें विवेचन शास्त्रज्ञांपुढें मांडलें. सर्वसाधारण निरोगी माणसाला १०० गुण द्यावयाचे. मग वजन, घराण्याचा इतिहास, धंदा, पूर्वींचीं दुखणीं यांपैकीं जें प्रतिकूल असेल त्याचे गुण मिळवावयाचे आणि जें अनुकूल असेल त्याचे वजा करावयाचे. शाळेंतील गुणपत्रिकेच्या उलट येथें गुण वाढणें वाईट. समजा, अमडापूरच्या त्या गृहस्थाच्या पूर्वींच्या क्षयाबद्दल ५० गुण मिळविले, वजन कमी म्हणून २० मिळविले, आणि आईवडील दीर्घायुषी म्हणून १० वजा केले. तर बेरीज १६० येते. हे आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. परंतु त्यांचा अर्थ स्पष्ट आहे. निरोगी हजारांत पांच मृत्यू होत असतील, तर अशा हजारांत आठ होतील. त्या तीन अधिक मृत्यूंचा खर्च त्या हजारांनीं आपसांत वांटून घ्यावयाचा. जादा हप्ता तो हाच. त्याला दंड म्हणणें बरोबर नव्हे. तो आपल्या वांट्याचा हिशेब होय.

या गुणपत्रिकेमुळें 'होय' आणि 'नाहीं' यांच्यामध्यें पुष्कळ पायऱ्या निर्माण झाल्या. कोणाकडून कायमचा जादा हप्ता घ्यावा; कोणाकडून पहिलीं कांहीं वर्षेंच दरहजारीं ठराविक जादा रक्कम घ्यावी; कोणाचें वय हिशेबापुरतें चार-सहा वर्षांनीं वाढवून धरावें; कोणाला आरंभींच्या वर्षांत मृत्यू आल्यास रकमेचा कांहीं भागच द्यावा आणि ती कपात दरवर्षीं घटवीत न्यावी; कोणाला ठराविक मुदतीचाच विमा द्यावा; आणि ज्याचें दुखणें अगदीं ताजें आहे त्याला 'वर्ष-दोन वर्षांनीं या' असें सांगावें. हा शेवटचा प्रकार नीट ओळखला पाहिजे. तो नकार नव्हे, लांबणीवर टाकणें आहे. पुष्कळ मंडळी त्यालाच नकार समजून पुन्हां त्या वाटेस जात नाहींत आणि आपल्याच हातानें दार लावून घेतात.

परंतु ही सर्व गुणपत्रिका ज्या एका पायावर उभी असते, तो पाया म्हणजे विमा मागणाऱ्याचें खरें बोलणें. १७६६ सालीं इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यांत हें तत्त्व सांगितलें कीं, विम्याचा करार हा परम विश्वासाचा करार आहे. ज्याला जें ठाऊक आहे तें त्यानें दडवूं नये. तत्त्व निर्मळ होतें. परंतु कंपन्यांनीं त्याचें शस्त्र केलें. प्रस्तावांतील प्रत्येक विधान हा कराराचा पाया आहे असें छापून घ्यावयाचें, आणि माणूस गेल्यावर एखादें क्षुल्लक विधान चुकीचें निघालें तरी विमा रद्द म्हणावयाचें, अशी रीत पडली. पंधरा-वीस वर्षें हप्ते भरून गेलेल्या माणसाच्या विधवेला, नवऱ्याला लहानपणीं झालेल्या एखाद्या आजाराचा जाब द्यावा लागे.

हिंदुस्थानांत हा जुलूम १९३८ च्या विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानें आवरला. विमा घेऊन दोन वर्षें झालीं कीं केवळ चुकीच्या विधानाच्या सबबीवर तो रद्द करतां येणार नाहीं. विधान महत्त्वाच्या बाबीसंबंधीं होतें, तें कपटानें केलें होतें आणि खोटें आहे हें विमेदाराला ठाऊक होतें, असें कंपनीनें सिद्ध केलें पाहिजे, असा त्याचा आशय होता. या कलमाची कसोटी पाहणारा एक खटला मध्यप्रदेशाच्या उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयांत गेला. 'मिठूलाल नायक' या नांवानें तो वकिलांना परिचित आहे. विमेदारानें १९४३ सालीं पांडुरोग, पायांवरची सूज आणि धाप यांसाठीं एका डॉक्टरांचे उपचार घेतले होते. परंतु १९४४ च्या प्रस्तावांत त्याचा उच्चारही केला नाहीं. विमा २५,००० रुपयांचा होता. १९४६ सालीं विमेदार वारला आणि कंपनीनें रक्कम नाकारली. १९६२ सालीं न्यायालयानें निकाल दिला तो दाव्याच्या विरुद्ध. पदरीं पैसा पडला नाहीं, आणि भरलेले हप्तेही परत मिळाले नाहींत. जें सांगितलें असतें तर कदाचित् जादा हप्त्यावर भागलें असतें, तें दडविल्यामुळें सर्वस्वच गेलें.

पण या नाण्याला दुसरी बाजूही आहे. २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या एका कुटुंबाच्या दाव्यांत विमेदारानें कंबरेच्या मणक्याचें दुखणें सांगितलें नव्हतें, आणि मृत्यू आला तो हृदयविकारानें. न सांगितलेल्या दुखण्याचा मृत्यूशीं संबंध नाहीं आणि तें प्राणघातकही नव्हतें, म्हणून न्यायालयानें दावा मान्य केला. दडविणें आणि राहून जाणें यांत कायदा भेद करतो. त्याच २०१५ च्या दुरुस्तीनें ४५ वें कलम अधिक कणखर झालें. आतां तीन वर्षें पुरीं झाल्यावर विमापत्राला कोणत्याही सबबीवर हात लावतां येत नाहीं. तत्पूर्वीं, कपट नसतां केवळ महत्त्वाची माहिती न सांगितल्याबद्दल विमा नाकारला, तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत करावे लागतात. मात्र हीं तीन वर्षें विमापत्र सुरू झाल्यापासून मोजलीं जातात, आणि हप्ते थकून बंद पडलेलें विमापत्र पुन्हां चालू केलें तर तेथून नव्यानें. म्हणून दुखण्यांतून उठलेल्या माणसानें एक वेळ दुसरा खर्च आंखडावा, पण हप्ता चुकवूं नये.

या मधल्या काळांत धंद्याची मालकीच बदलली. १९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळीं तेव्हांचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं आकाशवाणीवरून देशाला सांगितलें कीं, आयुर्विम्याचा धंदा सरकारनें ताब्यांत घेतला आहे. हा महाराष्ट्रीय अर्थमंत्री मुंबईच्या प्रश्नावरून जुलैमध्यें राजीनामा देऊन बाहेर पडला. आणि १ सप्टेंबर १९५६ रोजीं आयुर्विमा महामंडळ स्थापन झालें. १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ भविष्यनिर्वाह मंडळ्या त्यांत विलीन झाल्या. मुंबईची 'ओरिएंटल', 'बॉम्बे म्युच्युअल' आणि साताऱ्याची 'वेस्टर्न इंडिया' यांचें स्वतंत्र अस्तित्व तेथें संपलें. त्याच वर्षीं १ नोव्हेंबरला बुलढाणा जिल्हा मध्यप्रदेशांतून मुंबई राज्यांत आला. विमा शहरांतून खेड्यापर्यंत नेणें हा महामंडळाचा एक मुख्य हेतू होता. १९९९ च्या कायद्यानें खासगी कंपन्यांना पुन्हां दार उघडलें. त्यामुळें आज एका ठिकाणीं नकार मिळाला तर दुसऱ्या ठिकाणीं विचारण्याची सोय आहे, आणि प्रत्येक कंपनीची गुणपत्रिका सारखीच असते असें नाहीं.

या सर्वांहून मोठा बदल घडविला तो औषधांनीं. १९२२ च्या जानेवारींत टोरांटो येथें एका मुलाला इन्शुलिन टोंचण्यांत आलें, आणि मधुमेह हा मृत्यूचा हुकूमनामा न राहतां सांभाळावयाचा आजार झाला. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. त्यानंतर मद्रासेस १९५६ पासून झालेल्या प्रसिद्ध प्रयोगानें सिद्ध केलें कीं, क्षयाचा रोगी घरीं राहून औषधें घेऊनही आरोग्यधामांतल्याइतकाच बरा होतो. आज साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे. ज्या रोगाच्या नुसत्या नांवानें १९२० सालीं कागद परत येई, तो पूर्ण बरा होऊन कांहीं वर्षें लोटलीं असतां आज कंपनी विचार करते, आणि पुष्कळदां नेहमींच्या दरानेंही घेते. कर्करोग व हृदयविकार यांची वाटचाल त्याच दिशेनें चालू आहे. तेथें दुखण्याची पायरी, उपचार संपल्याला झालेला काळ आणि नंतरच्या तपासण्या यांवर सारें अवलंबून असतें. २०१७ च्या एच. आय. व्ही. कायद्यानें तर विमागणिताचा आधार असल्याशिवाय अशा रुग्णाला विमा नाकारणें किंवा अन्याय्य वागणूक देणें निषिद्ध ठरविलें. भीती नव्हे, आंकडे दाखवा, हें डॉडसनचें म्हणणें अडीच शतकांनंतर भारताच्या कायद्यांत उतरलें.

युरोपांत आतां आणखी एक पाऊल पुढें पडलें आहे. फ्रान्सनें २०१६ सालीं असा कायदा केला कीं, कर्करोगाचा उपचार संपून दहा वर्षें उलटलीं आणि रोग पुन्हां उद्भवला नाहीं, तर कर्जासाठींच्या विम्याच्या प्रस्तावांत त्या दुखण्याचा उल्लेख करण्याचें बंधन नाहीं. २०२२ सालीं ही मुदत पांच वर्षांवर आणण्यांत आली. दुखणें विसरलें जाण्याचा हक्क, असें त्याला नांव पडलें आहे. भारतांत आयुर्विम्यापुरता असा हक्क अद्याप आलेला नाहीं. येथें सांगणें हेंच कर्तव्य आहे आणि सांगण्यांतच हित आहे.

आणि नेमकें तेंच आपल्याकडे जड जातें. क्षय, महारोग, वेड हे शब्द घराबाहेर जाऊं नयेत, मुलीच्या लग्नांत अडचण येईल, भावकींत कुजबूज होईल, या भयानें दुखणें लपविण्याची संवय घराघरांत आहे. तीच संवय प्रस्तावाच्या कागदावरही उतरते. त्यांत एखादा उतावळा एजंट 'तें लिहूं नका, कोण पाहतो?' असें म्हणून कागद आपणच भरतो आणि सहीपुरती लेखणी पुढें करतो. परंतु सही ज्याची, जबाबदारी त्याची. एजंट उद्यां दुसऱ्या गांवीं असेल. कागद मात्र कचेरींत राहील, आणि तो उघडला जाईल त्या दिवशीं उत्तर देण्यास सही करणारा नसेल. उत्तर द्यावें लागेल त्याच्या विधवेला.

तेव्हां अमडापूरच्या त्या गृहस्थानें काय करावें? त्यानें दुखण्याचीं सर्व कागदपत्रें, म्हणजे छायाचित्रें, थुंकीच्या तपासणीचे निकाल, औषधें पुरीं झाल्याचा दाखला, हीं एका पिशवींत नीट लावून ठेवावीं. प्रस्तावांतील प्रत्येक प्रश्न स्वतः वाचावा, किंवा शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावा, आणि जें झालें तें तारखेसह लिहावें. जादा हप्ता सांगितला तर तो अपमान समजूं नये; लांबणीवर टाकलें तर तारीख लिहून ठेवून पुन्हां जावें; एकानें नाकारलें तर दुसऱ्यास विचारावें. तोंवर अगदींच उघड्यावर राहूं नये. २०१५ सालीं सुरू झालेली प्रधानमंत्री जीवनज्योति विमा योजना बँकेच्या खात्यावरून मिळते. तींत डॉक्टरी तपासणी नाहीं, २०२२ पासून वर्षाचा हप्ता ४३६ रुपये आहे आणि रक्कम दोन लाख आहे. प्रवेश १८ ते ५० या वयांत घ्यावा लागतो, आणि पहिले तीस दिवस अपघाताखेरीज अन्य मृत्यूस ती लागू नाहीं. दोन लाखांत संसार चालत नाहीं हें खरें. पण कांहीं नसण्यापेक्षां तें पुष्कळ आहे.

वयामुळें परत पाठविलेल्या एका गणित्यानें सर्वांसाठीं दार उघडण्याची युक्ति काढली. देशच्या देश दुखणाईत ठरला असतां मुंबईच्या माणसांनीं तो निरोगी आहे हें दाखवून दिलें. कोष्टकें बदललीं, औषधें आलीं, कायदे सुधारले. हें सर्व आज त्या प्रस्तावाच्या छापील कागदामागें उभें आहे. 'यापूर्वीं कांहीं मोठें दुखणें?' या प्रश्नाशीं थबकलेला हात आतां पुढें जाण्यास हरकत नाहीं. त्यानें तेथें 'होय' असें स्वच्छ अक्षरांत लिहावें. त्या एका शब्दानें हप्ता कदाचित् थोडा वाढेल. पण मुलांच्या हातीं पडणारा कागद पक्का होईल.